उकळतं तेल संपलं म्हणून जखमेवर अंड्याचा बलक लावला आणि सर्जरीचा इतिहास बदलला

घरात कुणाचा हात भाजला की दोन मिनिटांत चार सल्ले येतात. एकाला टूथपेस्ट आठवते, दुसऱ्याला तूप, तिसऱ्याला मध, तर चौथा थेट फ्रीजमधून अंडं काढून आणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर असे उपाय कायमच फिरत असतात आणि प्रत्येकाखाली शंभर टक्के खात्रीचा असं लिहिलेलं असतं.

पण ही खात्री केली कुणी? आणि केली तर कशी?

साधारण पाचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एक माणूस होऊन गेला, ज्याला हाच प्रश्न पडला होता. तो डॉक्टर नव्हता, न्हाव्याच्या दुकानात शिकलेला होता. त्याला लॅटिन येत नव्हतं, म्हणजे त्या काळातल्या हिशोबाने तो जवळजवळ अडाणीच. या माणसाने जखमांवर अंड्याचा बलक लावला, कुत्र्याच्या पिल्लांचं तेल लावलं, गांडुळं वापरली. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण याच माणसाला आधुनिक सर्जरीचा पाया घालणाऱ्यांमध्ये मोजतात.

त्याचं नाव आंब्रुआज पारे.

न्हावी ते सर्जन

पारेचा जन्म १५१० च्या आसपासचा. फ्रान्सच्या पश्चिमेकडे लाव्हाल नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या एका वस्तीतला. घरची परिस्थिती बेताची. भाऊ न्हावी-सर्जन आणि बहिणीचा नवराही न्हावी-सर्जन.

आता हा न्हावी-सर्जन काय प्रकार आहे ते आधी समजून घ्यायला पाहिजे. त्या काळात युरोपात वैद्यकीय लोकांची एक उतरंड होती. सगळ्यात वर विद्यापीठात शिकलेले डॉक्टर. ते लॅटिन ग्रंथ वाचायचे, नाडी बघायचे, औषध सांगायचे, पण रक्ताला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांच्या खाली लांब झगे घालणारे सर्जन. आणि सगळ्यात खाली न्हावी. हातात वस्तरा असायचा म्हणून दाढी करण्यापासून गळू फोडण्यापर्यंत आणि दात उपटण्यापासून जखम बांधण्यापर्यंत सगळी कामं यांच्याकडे.

पारे या सगळ्यात खालच्या पायरीवरून सुरू झाला. १५३० च्या दशकात तो पॅरिसला आला आणि तिथल्या ओतेल-द्यू या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये त्याने साधारण तीन वर्षं काम केलं. गरिबांचं हॉस्पिटल ते. रोज शेकडो रोगी, एकेका खाटेवर दोघं-तिघं, नाना तऱ्हेच्या जखमा. पुस्तकात न सापडणारं शिक्षण त्याला इथे मिळालं. पुढे आयुष्यभर तो या तीन वर्षांचं नाव अभिमानाने घेत राहिला.

पण त्याची खरी शाळा भरली ती युद्धावर.

गोळी लागली की वरून उकळतं तेल

१५३७ च्या सुमाराला फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या फौजा आल्प्स ओलांडून इटलीतल्या तुरीनच्या दिशेने निघाल्या. पारे साधारण सत्तावीस वर्षांचा होता आणि माँतेजाँ नावाच्या सेनाधिकाऱ्याचा सर्जन म्हणून तो सोबत गेला. हे त्याचं पहिलंच युद्ध.

तोपर्यंत युरोपातल्या लढाया बदलल्या होत्या. तलवार आणि भाल्यांच्या जोडीला बंदुका आल्या होत्या. तलवारीची जखम सरळ असते. गोळीची जखम वेगळी. मांस फाटलेलं, हाडाचा चुरा, आत कपड्याचे तुकडे, वरून दारूने भाजलेलं. अशा जखमा लगेच चिघळायच्या आणि माणसं मरायची.

का मरायची? त्या काळी जंतू कुणाला माहीत नव्हते. इटलीतले जोव्हानी दा व्हिगो हे पोपचे सर्जन होते आणि त्यांचा ग्रंथ युरोपभर वाचला जायचा. त्यांचं म्हणणं होतं की बंदुकीच्या दारूमुळे जखमेत विष भिनतं. आणि विष मारायचं तर जखम जाळायला पाहिजे.

म्हणून उपाय ठरला होता. एल्डर नावाच्या झुडपाचं तेल घ्यायचं, त्यात थोडं थेरियाक मिसळायचं, ते कडकडीत तापवायचं आणि जखमेत ओतायचं. थेरियाक म्हणजे त्या काळचं सगळ्या विषांवरचं औषध. त्यात अनेक घटक असायचे आणि सापाचं मांस हा त्यातला महत्त्वाचा.

म्हणजे विचार करा, मांडीत गोळी घुसलेला सैनिक जमिनीवर पडलाय, चार जणांनी त्याला दाबून धरलंय आणि वरून त्याच जखमेत उकळतं तेल ओतलं जातंय. जखम गोळीची होती, आता तिच्यावर भाजल्याची दुसरी जखम. आणि हा उपचार होता.

पारेलाही हेच शिकवलेलं होतं. शिकवलेलं तसं करावं, तर रोग्याला भयंकर वेदना होणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी इतर सर्जन काय करतात ते बघितलं. सगळेच तेल ओतत होते. मग त्यानेही ओतलं.

तबेल्यातले तीन सैनिक

याच मोहिमेतली एक घटना पारेने नंतर लिहून ठेवली आहे. घोडा बांधायला तो एका तबेल्यात शिरला. आत काही सैनिक मरून पडलेले आणि तीन जण भिंतीला टेकून बसलेले. दारूच्या स्फोटाने त्यांचे चेहरे ओळखू येणार नाहीत इतके भाजलेले. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. अंगावरचे कपडे अजून धुमसत होते.

तेवढ्यात एक म्हातारा सैनिक आत आला. हे वाचतील का असं त्याने पारेला विचारलं. पारेने नकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्याने शांतपणे, जराही राग न दाखवता, एकामागून एक तिघांचे गळे चिरले.

पारे हादरला. त्याने म्हाताऱ्याला दुष्ट म्हणून सुनावलं. त्यावर म्हाताऱ्याने सांगितलं, की आपल्यावर अशी वेळ आली तर आपल्यासाठीही कुणीतरी हेच करावं अशी तो देवाकडे प्रार्थना करतो.

भाजलेल्या माणसासाठी त्या काळात काय उपलब्ध होतं, ते या एका घटनेतून कळतं.

तेल संपलं आणि झोप उडाली

तुरीनजवळच्या एका किल्ल्यावर हल्ला झाला आणि जखमींचा ढीग लागला. पारे एकामागून एक जखमेत तेल ओतत गेला आणि मध्येच तेल संपलं.

पुढे जखमी तर पडलेलेच होते. काहीतरी लावणं भाग होतं. पारेने हाताशी होतं ते घेतलं. अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन. यातलं टर्पेंटाइन म्हणजे आज रंगाच्या दुकानात मिळतं ते नाही, तर पाइनसारख्या झाडांतून निघणारा डिंकासारखा चिकट राळेचा रस. असं मिश्रण साध्या जखमांवर लावायची पद्धत आधीपासून होती. बंदुकीच्या जखमेवर मात्र ते चालेल असं कुणी मानत नव्हतं, कारण त्यात विष जाळण्याची ताकद नव्हती.

हे मिश्रण गार होतं. त्याने ते जखमांवर लावलं आणि झोपायला गेला. पण झोप कुठली. जाळल्याशिवाय सोडलेले ते सगळे सैनिक सकाळपर्यंत विषाने मेलेले असतील आणि ते आपल्यामुळे मेलेले असतील, हा विचार त्याला सोडेना. पहाट व्हायच्या आत तो उठून त्यांच्याकडे धावला.

समोर उलटंच दिसलं. बलक लावलेल्या सैनिकांना फारशा वेदना नव्हत्या, जखमेला सूज नव्हती, रात्री त्यांना बऱ्यापैकी झोप लागली होती. आणि शिकवल्याप्रमाणे ज्यांच्या जखमेत उकळतं तेल ओतलं होतं, ते तापाने फणफणलेले, जखमेभोवती सूज आणि असह्य वेदना.

त्या सकाळी पारेने ठरवलं की गोळी लागलेल्या माणसाला पुन्हा कधी असं जाळायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी ही कथा अंड्याच्या चमत्काराची म्हणून सांगितली जाते. अंड्याच्या बलकात जादू होती असं या घटनेवरून सिद्ध होत नाही. टर्पेंटाइनमध्ये जंतू मारण्याचा थोडा गुण असतो, तेलकट मिश्रणामुळे जखम कोरडी पडत नाही, हे खरं. पण त्या रात्री सगळ्यात मोठा फरक पडला तो काय लावलं यामुळे नव्हे, तर काय केलं नाही यामुळे. बलक लावलेल्यांना कुणी जाळलं नव्हतं. निरोगी मांस उकळत्या तेलाने मारलं गेलं नव्हतं. शरीराला भरून यायला संधी मिळाली होती.

कुत्र्याच्या पिल्लांचं तेल

पारेला हे पुरतं कळलं होतं का? तर नाही. पुढची गोष्ट ऐकली की ते लक्षात येतं.

तुरीनमध्ये एक सर्जन होता, गोळीच्या जखमा बऱ्या करण्यात त्याचं मोठं नाव होतं. त्याच्याकडे एक गुप्त मलम होतं आणि त्याची कृती तो कुणाला सांगत नसे. पारे त्याच्या मागे लागला. भेटवस्तू दिल्या, मर्जी सांभाळली. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं, तेव्हा कुठे त्या सर्जनने तोंड उघडलं.

कृती अशी होती. नुकतीच जन्मलेली कुत्र्याची पिल्लं लिलीच्या फुलांच्या तेलात उकळायची, इतकी की मांस हाडांपासून सुटलं पाहिजे. त्यात गांडुळं घालायची. मग ते गाळून त्यात टर्पेंटाइन मिसळायचं.

आज हे वाचून पोटात ढवळतं. पण त्या काळात औषधाच्या दुकानात डुकराची चरबी, हंसाची चरबी, गांडुळं, सापाचं मांस हे सगळं मीठ-मिरीसारखं मिळायचं. पारेला किळस वाटली नाही, आनंद झाला. कारण त्याच्या लक्षात आलं की हे मलम त्याच्या बलकाच्या मिश्रणाच्याच जातीचं आहे. तेलकट, सौम्य, न जाळणारं. योगायोगाने आपल्याला जे सापडलं तेच या नावाजलेल्या सर्जनचं गुपित होतं, याचं त्याला समाधान वाटलं. आणि पिल्लांचं तेल त्याने पुढेही बरीच वर्षं वापरलं.

म्हणजे जाळणं थांबवल्यामुळे माणसं बरी होत होती आणि श्रेय मिळत होतं पिल्लांना आणि गांडुळांना. घरगुती उपायांच्या बाबतीत हे आजही होतं. जखम आपोआप भरणारच असते, त्या काळात तिच्यावर जे लावलेलं असतं ते गुणकारी ठरतं.

मग यातून बाहेर कसं पडायचं? कशाने गुण आला हे ओळखायचं कसं? याचंही उत्तर पारेलाच सापडलं आणि ते एका खेडूत म्हातारीमुळे.

अर्ध्या चेहऱ्यावर कांदा

झालं असं, की माँतेजाँच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक पोरगा उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारेला बोलावणं आलं. तो भाजल्यावरची नेहमीची औषधं आणायला औषधवाल्याकडे गेला. तिथे एक खेड्यातली म्हातारी उभी होती. भाजल्याचं कळल्यावर तिने सल्ला दिला की पहिल्या पट्टीला कच्चे कांदे थोडं मीठ घालून ठेचायचे आणि ते लावायचे, म्हणजे फोड येत नाहीत.

फौजेतल्या सर्जनला खेड्यातली बाई शिकवतेय. दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं किंवा आंधळा विश्वास ठेवला असता. पारेने दोन्ही केलं नाही. त्याने करून बघायचं ठरवलं. पोराच्या अंगावर काही ठिकाणी कांदा लावला, बाकीच्या ठिकाणी नेहमीचं औषध. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कांदा लावलेल्या भागावर फोड नव्हते आणि बाकीच्या भागावर आले होते.

एकदा झालं म्हणून त्याने लगेच मानलं नाही. काही काळाने माँतेजाँचा एक जर्मन पहारेकरी दारूच्या भडक्यात सापडला. त्याचा चेहरा आणि हात वाईट भाजले. पारेने त्याच्या चेहऱ्याच्या एका भागावर कांदा लावला आणि बाकीच्या भागावर नेहमीची औषधं. पट्टी सोडली तेव्हा पुन्हा तेच. कांद्याच्या बाजूला फोड नाहीत, दुसऱ्या बाजूला फोड आणि सोललेली कातडी.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. माणूस एकच, आग एकच, वेळ एकच, भाजलेला चेहराही एकच. फरक फक्त औषधाचा. आज नवीन औषधाची चाचणी होते तेव्हा एका गटाला नवं औषध देतात आणि दुसऱ्या गटाला जुनं. त्यामागचा विचार हाच आहे. पारेने तो सोळाव्या शतकात, छावणीत, एका भाजलेल्या सैनिकाच्या चेहऱ्यावर वापरला.

पण म्हणून आज भाजल्यावर कांदा लावायचा का? अजिबात नाही. एका पोराच्या अंगावरून आणि एका चेहऱ्यावरून नियम ठरत नाही. चेहऱ्याचे दोन्ही भाग सारखेच खोल भाजले होते का, हे कुणी मोजलं नव्हतं. तुलना कांदा आणि त्या काळच्या मलमांमध्ये होती, आणि ती मलमंच त्रास वाढवत असतील तर कांदा आपोआप बरा दिसणार. पारेचा निष्कर्ष आज धरून चालता येत नाही, पण निष्कर्षापर्यंत जायची त्याची वाट बरोबर होती.

लॅटिन नको, आपली भाषा

१५४५ मध्ये पारेचं पहिलं पुस्तक आलं. विषय बंदुकीच्या जखमा आणि त्यांचे उपचार. हे पुस्तक त्याने फ्रेंचमध्ये लिहिलं. वैद्यकाचं पुस्तक लॅटिनमध्येच पाहिजे असा तेव्हा दंडक होता. त्याला लॅटिन येत नव्हतं हे एक कारण. पण त्याचा परिणाम मोठा झाला. युद्धावर जखमा बांधणाऱ्या साध्या न्हाव्याला पहिल्यांदाच आपल्या भाषेत वाचता आलं की गोळीच्या जखमेत विष नसतं आणि उकळतं तेल ओतायची गरज नाही.

जाळण्याविरुद्धची त्याची लढाई इथे थांबली नाही. हात किंवा पाय कापावा लागला तर रक्त थांबवायला तेव्हा लालभडक तापलेली सळई लावत. पारेही सुरुवातीला तेच करायचा. मग त्याच्या मनात आलं की साध्या जखमेतली रक्तवाहिनी दोऱ्याने बांधतात, तर इथे का नाही? १५५२ मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात एका जखमी माणसाचा पाय कापताना त्याने रक्तवाहिन्या चिमट्याने पकडून दोऱ्याने बांधल्या. माणूस वाचला. भाजल्याशिवाय घरी गेला.

दोरा बांधायची कल्पना त्याच्या आधीच्या ग्रंथांमध्येही होती. पण पाय कापताना सळईच्या जागी दोरा आणणं आणि ते चारचौघांत मांडणं हे पारेचं काम.

राजवाड्यातले महागडे उपाय

पुढे पारेचं नशीब पालटलं. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्स्वा, नववा चार्ल्स आणि तिसरा हेन्री अशा चार राजांच्या सेवेत तो राहिला. १५५४ मध्ये लॅटिन न येताही त्याला सर्जनांच्या संस्थेत घेण्यात आलं. १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात दुसऱ्या हेन्रीच्या डोळ्यात भाल्याची कपची घुसली, तेव्हा उपचार करणाऱ्यांमध्ये पारे होता. राजा वाचला नाही.

राजवाड्यात प्राण्यांपासून मिळणारी औषधं होती, पण कांदा-अंड्यासारखी स्वस्त नव्हती. एक होतं बेझोअर. बकरीसारख्या प्राण्यांच्या पोटात साठून तयार होणारा खडा. तो पोटात घेतला की कुठलंही विष उतरतं असा समज होता.

नवव्या चार्ल्सला असा एक खडा भेट मिळाला. राजाने पारेला विचारलं. पारेचं मत पडलं की प्रत्येक विषाचं काम वेगळं असतं, त्यामुळे सगळ्या विषांवर एकच उतारा असू शकत नाही. मग खात्री करायचं ठरलं. चांदीची भांडी चोरल्याबद्दल एका स्वयंपाक्याला फाशी होणार होती. विष आणि खडा दोन्ही घ्यायचं, वाचला तर सुटका, असं त्याच्यासमोर ठेवण्यात आलं. तो तयार झाला. आणि सुमारे सात तास तडफडून मेला. राजाने तो खडा आगीत टाकायला सांगितला.

ही चाचणी आज कुठल्याही कसोटीवर क्रूरच ठरते. फाशी समोर असलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. पारेच्या आयुष्यातली ही बाजू झाकून चालत नाही. खात्री कशी करायची हे त्याला कळलं होतं, पण ती कुणाच्या जिवावर करायची नाही हे कळायला जगाला आणखी काही शतकं लागली.

१५८२ मध्ये पारेने आणखी दोन लोकप्रिय औषधांवर हल्ला चढवला. पहिलं औषध ममी. हो, इजिप्तमधल्या प्रेतांची भुकटी. पडून मार लागला, मुका मार बसला की ती पोटात द्यायची पद्धत होती. घोड्यावरून पडलेल्या एका सरदाराने आपल्याला ममी का दिली नाही असं विचारलं, तेव्हा पारेने सविस्तर लिहिलं. त्याने ती अनेकदा देऊन पाहिली होती. गुण शून्य, उलट पोटदुखी, उलट्या आणि तोंडाला घाण वास. शिवाय दुकानात मिळणारी ममी खरीच इजिप्तची असते याचा भरवसा नव्हता. फासावर चढलेल्यांची प्रेतं वाळवून विकली जात असल्याचं त्याच्या कानावर होतं.

दुसरं औषध युनिकॉर्नचं शिंग. युनिकॉर्न नावाचा प्राणीच नाही. विकलं जायचं ते बऱ्याचदा नार्व्हाल नावाच्या देवमाशाच्या नात्यातल्या सागरी प्राण्याचा लांब दात. तो राजाच्या पेल्यात बुडवला की विष निकामी होतं असं मानत. पारेने त्यालाही विरोध केला आणि चार बाजूंनी टीका ओढवून घेतली. राजवाड्यातली प्रथा नाकारणं सोपं नव्हतं.

डॉक्टरांचा राग

१५७५ मध्ये पारेचं सगळं लेखन एकत्र छापून आलं. पॅरिसच्या विद्यापीठातले डॉक्टर खवळले. एक न्हावी, फ्रेंच भाषेत, आपली परवानगी न घेता वैद्यकावर लिहितो म्हणजे काय? त्यांनी पुस्तक अडवायचा प्रयत्न केला. पुस्तक तरीही खपलं.

एत्येन गुर्मलेन नावाच्या विद्वान डॉक्टरने पुढे दोऱ्याने रक्तवाहिन्या बांधण्यावर टीका केली. जुन्या ग्रंथांत डागणं सांगितलंय, तर डागणंच योग्य असा त्यांचा सूर. १५८५ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या पारेने उत्तर दिलं. त्यात त्याने आपल्या युद्धाच्या मोहिमांची हकीकतच मांडली. कुठे गेलो, काय पाहिलं, कुणाला कसं बरं केलं. ग्रंथाला ग्रंथाने नाही, तर रोग्यांनी उत्तर. आज तुरीनच्या त्या रात्रीबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग पारेने स्वतः लिहिलं म्हणून.

पारे सगळ्याच बाबतीत काळाच्या पुढे होता असंही नाही. त्याच्या पुस्तकात समुद्रातले राक्षस आणि चित्रविचित्र प्राणी खरे म्हणून आलेले आहेत. जंतूंचा त्याला पत्ता नव्हता. आणि बरं होण्याचं श्रेय तो स्वतःकडे न घेता देवाला द्यायचा.

२० डिसेंबर १५९० ला पॅरिसमध्ये तो गेला. त्याच्या पुस्तकांची भाषांतरं होत राहिली आणि डच भाषेतून ती जपानपर्यंत पोहोचली.

मग आज भाजल्यावर काय लावायचं?

प्राण्यांपासून मिळणाऱ्या गोष्टी भाजलेल्या जखमांवर आजही वापरतात. जनावरांपासून काढलेल्या कोलॅजनच्या पट्ट्या आहेत, तात्पुरतं आवरण म्हणून डुकराची कातडी वापरतात, ब्राझीलमध्ये तिलापिया माशाच्या कातडीवर अभ्यास झाले आहेत. फार खोल नसलेल्या भाजण्यावर मधाच्या पट्टीने जखम लवकर भरते असं अभ्यासांमध्ये दिसलं आहे. पण हा मध स्वयंपाकघरातला नसतो, तो जखमेसाठी निर्जंतुक केलेला असतो. माशाची कातडीही बाजारातली नसते. या सगळ्यांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या उपायांमध्ये फरक एकच आहे. यांची तुलना करून पाहिलेली आहे.

कच्चं अंडं भाजलेल्या कातडीवर लावलं तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. टूथपेस्ट, तूप, हळद, कांदा यांनी जखम झाकली जाते, डॉक्टरला ती किती खोल आहे ते दिसत नाही आणि साफ करताना पुन्हा वेदना होतात त्या वेगळ्याच.

म्हणून भाजल्यावर पहिलं काम म्हणजे नळाचं साधं वाहतं पाणी, साधारण वीस मिनिटं. बर्फ नाही. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकायचं. आणि भाजणं मोठं किंवा खोल असेल, चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रियांवर असेल, विजेचं किंवा अ‍ॅसिडचं असेल, किंवा लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

तुरीनच्या त्या सकाळीही धडा हाच होता. जखमेवर काहीतरी जालीम ओतण्यापेक्षा तिला आणखी इजा न करणं जास्त कामाचं होतं. आणि पुढच्या वेळी खात्रीच्या उपायाचा मेसेज आला, तर पुढे पाठवायच्या आधी एवढंच विचारा, की हा उपाय न लावलेली बाजू कुणी पाहिली होती का?